बारी

धुळ्यात, गल्ली नंबर पाचमध्ये, पतपेढीच्या माडीवर
तीन यंत्रं आहेत. नावं मीच ठेवली:
कान, बुराई, अनेर.
तिघांत मिळून साठा एकच, त्याचं नाव तापी.
लोटनअण्णा तेव्हा हसले होते,
"नद्यांना पाणी नाही, आणि यंत्रांना नावं."

बघणाऱ्याला वाटतं, एका कपाटाच्या तीन किल्ल्या, त्यात काय.
तसं नसतं.
दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीवर लिहिलं
तर दोन ओळी होत नाहीत,
चिखल होतो.
म्हणून आधी विचारायचं: ही ओळ मी घेऊ?
कुणी धरली असेल तर थांबायचं.
लिहून झालं की सोडायची, आणि सोडली म्हणून सांगायचं.
वाचणारे कितीही चालतात. लिहिणारा एकटा.

हे मला पुस्तकाच्या आधीच ठाऊक होतं.
वडील पांझरेच्या फडावर पाटकरी.
बंधारा एक, पाट एक, वावरं साठ,
आणि खांद्यावर फावडं टाकून रात्रभर चारीवरून फिरणारा माणूस,
ज्याची स्वतःची बारी सगळ्यांत शेवटी.

मार्चअखेरची रात्र. एसीनं मान टाकलेली.
सव्वादोनला अनेरचा ठोका चुकला.
तिघं दर सेकंदाला एकमेकांना सांगत असतात:
आहे. आहे. आहे.
अनेर गप्प.
मी दहा मोजले.

मेलं असतं तर सोपं होतं.
पण नुसती तारच तुटली असेल तर?
तर तिकडे अनेरलाही वाटत असणार,
कान गेलं, बुराई गेलं, उरलं मी एकटंच,
आता सगळी तापी माझी.
आणि त्याचा हात अजून साठ्यावर.

जिवंत आहेस का, हे विचारायची सोय नाही.
दोन मतं इकडे, एक तिकडे.
नियम मीच लिहिलेला, दोन वर्षांपूर्वी, चहा पिता पिता:
आधी वीज तोडा. विचार नंतर.
टक् वाजलं. पंखा फिरत फिरत थांबला.
माझं बोटसुद्धा लागलं नाही.

झुलालकाकांची बारी पहाटे चारला संपायची.
कांद्याला थोडंच पाणी कमी पडत होतं.
वडिलांनी दोनदा हाक दिली, उत्तर नाही,
मग चारीचं तोंड मातीनं बुजवलं.
"पानी दखत नही, कोन कोना भाऊ शे."
काका नंतर सांगत सुटले,
पायाशी साप होता, तोंडातून आवाज फुटेना.
खरंही असेल.
सात वर्षं बोलणं नव्हतं.

अनेरच्या मागे त्याची वही उरली.
हात लावण्याआधी प्रत्येकानं लिहून ठेवायचं असतं,
मी हे करायला निघालोय.
बुराईनं ती उघडली.
पिंपळनेरच्या जेमाबाई गावितांचे नऊशे रुपये
एका खात्यातून निघालेले, दुसऱ्यात पोचायचे होते.
पोचवले. धरून ठेवलेल्या ओळी सोडवल्या. वही मिटली.
अकरा सेकंद.
जेमाबाई झोपेत असतील.

सकाळी लोटनअण्णांनी फरशी उचलली.
केबल उंदरानं कुरतडलेली.
"म्हणजे धडधाकट होतं की रे ते," अण्णा म्हणाले.
मी वीज दिली.
अनेर उठलं. काही आठवत नव्हतं, रागही नव्हता.
रिकाम्या हातानं आलं आणि विचारलं,
ही ओळ मी घेऊ?

घरी फोन लावला. विचारलं, तेव्हा साप खरंच होता का हो?
वडील म्हणाले, "मनी बारीनं पानी तेलेच दिधं व्हतं."
काकांना माहीत आहे हे?
फोनमध्ये बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज,
नळाचा की पाटाचा, कळलं नाही.